फॉरमॅट मारूनही लॅपटॉप महिन्याभरात पुन्हा स्लो होतो, तेव्हा काय तपासायचं

तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. सात-आठ वर्षांपूर्वी पंचवीस-तीस हजारांत घेतलेला लॅपटॉप. ४ जीबी रॅम, ५०० जीबी किंवा १ टीबीची हार्ड डिस्क, आत आय३ किंवा सेलेरॉन. चालू करून चहा ठेवायला जावं, चहा पिऊन परत यावं, तरी माउसशेजारचं निळं वर्तुळ गोल गोल फिरतंच आहे. दुकानात नेला की उत्तर ठरलेलं, ‘फॉरमॅट मारून देतो, पाचशे रुपये.’ घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे बरा चालतो. मग हळूहळू पुन्हा तेच रडगाणं, पुन्हा दुकान, पुन्हा पाचशे.

मी महापेला एका कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला आहे आणि राहते कोपरखैरण्यात. त्यामुळे दिवसा ऑफिसचे लॅपटॉप आणि रात्री ‘ताई, जरा बघता का?’ म्हणून दारात आलेले लॅपटॉप, असं दोन्हीकडचं बघायला मिळतं. त्यावरून ठाम झालेलं मत आधीच सांगून टाकते. फॉरमॅट हे औषध नाही, पेनकिलर आहे. लॅपटॉपचा कुठला भाग बाकीच्यांना ताटकळत ठेवतोय ते आधी शोधायचं आणि पैसे तिथेच घालायचे. ते शोधायला दहा मिनिटं लागतात, खर्च शून्य.

फॉरमॅटने तात्पुरतं बरं का वाटतं, तेही समजून घ्या. नव्या विंडोजवर स्टार्टअपला लागलेले प्रोग्रॅम नसतात, अपडेट्स उतरलेले नसतात, अँटिव्हायरसला चाळायला फारशा फाइली नसतात. मग आपण क्रोम टाकतो, प्रिंटरचं सॉफ्टवेअर टाकतो, फोटो भरतो. विंडोज मागच्या मागे काही जीबींचे अपडेट्स ओढतं. काम पूर्वीइतकंच झालं, डिस्क आणि रॅम मात्र तीच. दुसरं काय होणार?

टास्क मॅनेजर काय सांगतो

लॅपटॉप चालू करा आणि पाच-दहा मिनिटं काहीही न उघडता थांबा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. छोटीशी खिडकी उघडली तर खालच्या ‘मोअर डिटेल्स’वर क्लिक करा. वर सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने दिसतील, प्रत्येकाच्या डोक्यावर टक्के. आता नेहमीचं एखादं काम सुरू करा, म्हणजे एक्सेल उघडा किंवा ब्राउझरमध्ये तीन-चार टॅब, आणि कुठला आकडा लाल-केशरी होऊन तिथेच चिकटून बसतो ते बघा.

आमच्या सोसायटीच्या खजिनदार काकांचा लॅपटॉप घ्या. मेंटेनन्सची बिलं काढायची वेळ आली की काका हैराण. ‘अगं, एक्सेलची फाइल फार मोठी झालीय ना, म्हणून अडकतंय.’ फाइल होती ४० केबीची. टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू पंधरा टक्क्यांच्या आसपास, डिस्क मात्र १०० टक्के आणि हलायला तयार नाही. ‘परफॉर्मन्स’ टॅबमध्ये डिस्कवर क्लिक केल्यावर खरी गंमत दिसली. डिस्क पूर्ण बिझी, पण प्रत्यक्ष वाचन-लेखन सेकंदाला जेमतेम एक-दीड एमबी, आणि सरासरी रिस्पॉन्स टाइम ९०० मिलिसेकंदांच्या घरात. म्हणजे विंडोजने डिस्कला काही मागितलं की हातात पडायला जवळजवळ एक सेकंद. आणि एक्सेल उघडायचं तर अशा मागण्या शेकड्यांनी होतात.

स्वस्त लॅपटॉपमधली हार्ड डिस्क साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे फिरणारी असते. म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली (हेडखाली) यायला सरासरी अर्धा फेरा, त्यात डोकं योग्य पट्ट्यावर सरकायचा वेळ. हिशेब केला तर सेकंदाला साठ-सत्तर विखुरलेल्या फाइली वाचून होतात, त्यापुढे नाही. एकच मोठा सिनेमा कॉपी करताना हीच डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास देते, कारण तिथे डोकं फारसं हलवावं लागत नाही. पण विंडोज सुरू होताना अपडेट, डिफेंडर, सर्चचा इंडेक्स, सिसमेन (नेहमीचे प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये आणून ठेवणारी विंडोजची सेवा), वनड्राइव्ह आणि ब्राउझर एकाच वेळी हजारो बारीक फाइली मागतात. तलाठी कार्यालयात एकच खिडकी उघडी आणि सगळं गाव सातबाऱ्यासाठी रांगेत, तशी त्या डिस्कची अवस्था होते. प्रोसेसर आत रिकामा बसलेला असतो.

तर डिस्क १०० टक्के आणि एमबीचा आकडा फुटकळ, हे दिसलं की रोग डिस्कमध्ये. मेमरी ८५-९० टक्क्यांवर आणि डिस्कही सोबत पळतेय, तर रॅम कमी पडतेय. रॅममध्ये न मावलेलं विंडोज डिस्कवर टाकतं, म्हणून दोन्ही आकडे एकत्र चढतात. सीपीयू १०० टक्के असेल तर ‘सीपीयू’ या रकान्याच्या नावावर क्लिक करून कुठला प्रोग्रॅम तो खातोय ते बघा. आणि तिन्ही आकडे शांत असूनही लॅपटॉप गोगलगाय झालाय, तर चार्जर, उष्णता किंवा मरायला टेकलेली डिस्क यांपैकी काहीतरी आहे.

त्या शेवटच्या शक्यतेसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं छोटं सॉफ्टवेअर वापरा. डिस्कची तब्येत निळ्या रंगात ‘गुड’ आली तर ठीक. पिवळं ‘कॉशन’ आलं, विशेषतः ‘रिअलोकेटेड’ किंवा ‘करंट पेंडिंग’ सेक्टर्सच्या ओळीत, तर पुढचं काहीही वाचण्याआधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करून घ्या. खराब सेक्टर वाचताना डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, तेवढा वेळ सगळं गोठतं आणि मग अचानक सुरळीत चालू लागतं. ‘मध्येच हँग होतो, मग आपोआप सुटतो’ अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा हेच निघतं. अशा डिस्कवर पुन्हा फॉरमॅट मारणारा दुकानदार तुमचे पाचशे आणि तुमचे फोटो, दोन्ही घालवतो.

फुकटात होणारं

पैसे खर्च करण्यापूर्वी एवढं करून बघा, पण याने चमत्कार होईल अशी आशा ठेवू नका.

‘परफॉर्मन्स’ टॅबमध्ये सीपीयूखाली ‘अप टाइम’ असतं. रोज रात्री शट डाउन करणाऱ्या माणसाच्या लॅपटॉपवरही तिथे पंधरा-वीस दिवस दिसतात आणि लोक चक्रावतात. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा बंद न होता डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो. म्हणून आठवड्यातून एकदा शट डाउनऐवजी रीस्टार्ट करा. खरी साफ सुरुवात त्यातच होते.

‘स्टार्टअप’ टॅबमध्ये जाऊन नको ते डिसेबल करा: टीम्स, स्काइपचे अवशेष, टॉरेंट, प्रिंटरचे अपडेटर, मोबाइल जोडायची सॉफ्टवेअरं. ऑडिओ, टचपॅड आणि विंडोज सिक्युरिटी यांना हात लावू नका. लॅपटॉपवर दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. एकाचं लायसन्स संपलंय आणि दुसरं दुकानदाराने घालून दिलंय, असं सर्रास दिसतं. दोघंही प्रत्येक फाइल आपापली वेगळी तपासतात. घरगुती वापराला विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरतो. रॅम क्लीनर, रजिस्ट्री क्लीनर, ‘पीसी बूस्टर’ असल्या गोष्टी काढून टाका. रॅम ‘मोकळी’ करणारे स्वतः रॅम खातात आणि मोकळी केलेली माहिती विंडोजला पुन्हा डिस्कवरून आणावी लागते.

एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन प्रोसेसरची संख्या वाढवा, हा सल्ला व्हॉट्सअॅपवर अजून फिरतोय. त्याने काहीही वाढत नाही. विंडोज सगळे कोअर आधीपासूनच वापरत असतं, तो पर्याय उलट संख्या कमी करून चाचणी घेण्यासाठी आहे.

ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन्स तपासा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी सेव्हर चालू करा, एजमध्ये स्लीपिंग टॅब्ज. आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले’ अशा चिठ्ठ्या येत असतील तर तो व्हायरस नसतो. कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेलेली असते, साइट सेटिंग्जमधून ती काढली की चिठ्ठ्या बंद.

सीपीयू सतत चढा आणि नाव अनोळखी असेल तर मात्र सावध व्हा. फॉरमॅट मारताना अनेक ठिकाणी क्रॅक केलेलं विंडोज आणि ऑफिस घालून देतात, अपडेट बंद करून. त्या क्रॅक करणाऱ्या अॅक्टिव्हेटरसोबत काय काय आत आलं, ते घालणाऱ्यालाही ठाऊक नसतं. यातली खंत अशी की लॅपटॉपसोबत विंडोज ८ किंवा १० आलं असेल तर त्याची अस्सल लायसन्स की बहुतेक वेळा मदरबोर्डच्या बायोसमध्येच असते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर स्वच्छ विंडोज तयार होतं, मूळ होती तीच आवृत्ती टाकली की आपोआप अॅक्टिव्हेट होतं. क्रॅकची गरजच नव्हती.

डुप्लिकेट चार्जर नावाचा छुपा रोग

हे फार कमी लोक तपासतात, म्हणून वेगळं लिहिते. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या आलेखाखाली ‘स्पीड’ लिहिलेला असतो. काम चालू असताना तो ०.७८ किंवा ०.७९ गिगाहर्ट्झवर अडकून बसला असेल आणि दोन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर तिथून वर चढतच नसेल, तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. वेग वाढला तर चोर सापडला.

काही कंपन्यांच्या चार्जरच्या गोल पिनेत मधोमध एक बारीक सुई असते. आपण किती वॅटचे आहोत, हे चार्जर त्या सुईतून लॅपटॉपला कळवतो. ती सुई वाकली, तुटली किंवा स्टेशनबाहेरून घेतलेल्या स्वस्त चार्जरमध्ये तो निरोप देणारा भागच नसला, तर लॅपटॉप धोका नको म्हणून प्रोसेसरचा गळा आवळून ठेवतो. कधीकधी चालू होताना काळ्या स्क्रीनवर चार्जर ओळखला नाही अशी इंग्रजी सूचना येते आणि सगळे एंटर दाबून पुढे जातात. अशा लॅपटॉपला शंभर वेळा फॉरमॅट मारला तरी तो तसाच राहणार. बरोबर वॅटचा, कंपनीचा किंवा बरा पर्यायी चार्जर घेतला की त्याच दिवशी फरक.

धूळ आणि उष्णता

सुरुवातीची वीस मिनिटं ठीक, मग मंद, आणि पंखा विमानासारखा ओरडतोय, तर उष्णता. कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूमॉनिटर लावा. काम करताना तापमान ९५ अंशांच्या पुढे जात असेल तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग पाडतो.

आपल्याकडे धुळीला तोटा नाही. घोडबंदर रोडला मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून तिकडून येणाऱ्या लॅपटॉपच्या जाळीत राखाडी नमद्यासारखा थर मिळतो. सगळ्यात अविस्मरणीय होता वाशीच्या मसाला मार्केटमधल्या एका गाळ्यातला, ज्यावर शेठचे मुनीमजी टॅली चालवायचे. खालचं कव्हर उघडलं आणि आम्ही दोघंही शिंकत सुटलो. हिटसिंकच्या पात्यांमध्ये मिरचीची पूड आणि धूळ एकत्र होऊन लालसर वडी बनली होती, हवा जायला फट म्हणून उरली नव्हती. ती ब्रशने सोडवून, प्रोसेसरवरची वाळून कडक झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली आणि मशीन पुन्हा माणसात आलं. तोंडावर ओढणी बांधून, बाल्कनीत.

ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा. जोरात हवेने पंखा भलत्या वेगाने फिरला तर त्याचा बेअरिंग जातो. गादीवर, गोधडीवर ठेवून लॅपटॉप वापरू नका. हवा खालून घेतली जाते, तीच बंद होते. सेलेरॉन आणि पेंटियमच्या एन मालिकेतले बरेच लॅपटॉप पंख्याशिवायच येतात, त्यांना हा विभाग फारसा लागू नाही.

एसएसडी, म्हणजे खरा इलाज

डिस्क १०० टक्के हा तुमचा रोग असेल तर हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती ठेवणारी डिस्क टाका आणि बाकीच्या युक्त्या विसरा. आतमध्ये फिरणारं काही नाही, त्यामुळे विखुरलेल्या बारीक फाइली सेकंदाला हजारोंनी वाचल्या जातात. जुन्या लॅपटॉपचं साटा कनेक्शन (हार्ड डिस्क ज्याला जोडलेली असते ते) एसएसडीला सेकंदाला साडेपाचशे एमबीपर्यंत वेग देऊ शकतं, पण तुम्हाला जाणवणारा फरक त्या मोठ्या आकड्याचा नसून बारीक फाइलींचा असतो. खजिनदार काकांचा आय३ ५००५यू हा २०१५ चा प्रोसेसर, दोन कोअर, टर्बो नाही. एसएसडी टाकल्यावर चहाची वेळ बिस्किटाएवढी झाली. काका आता बिलं काढताना चिडत नाहीत, आता ते थकबाकीदारांवर चिडतात.

घरगुती आणि ऑफिसच्या कामाला २४० किंवा २५६ जीबी पुरते. अडीच इंची साटा एसएसडी घ्यायची, ती ७ मिलिमीटर जाडीची असते. जुनी डिस्क साडेनऊची असेल तर सोबत मिळणारी प्लॅस्टिकची चौकट लावून ढिलेपणा काढता येतो. लॅपटॉपमध्ये एम.२ खाच (पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा) दिसली म्हणून लगेच एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी घेऊन येऊ नका. जुन्या मशीनमधली ती खाच अनेकदा फक्त साटा प्रकारची एसएसडी घेते, मॉडेल नंबर टाकून आधी खात्री करा.

खरेदीला ठाण्यात नौपाडा-गोखले रोडच्या बाजूला किंवा वाशीत मिळेल, जास्त निवड हवी तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोड गाठा. कुठूनही घ्या, पण बिल आणि वॉरंटी लिहून घ्या. नावाजलेल्या कंपन्या तीन किंवा पाच वर्षांची देतात. पाचशे-हजार रुपयांत ‘२ टीबी एसएसडी’ विकणाऱ्याच्या वाट्याला जाऊ नका. आत छोटंसं मेमरी कार्ड चिकटवून मोठा आकडा दाखवण्याचा तो जुना धंदा आहे. शंका आली तर एच२टेस्टडब्ल्यू चालवा, खोटी क्षमता लगेच उघडी पडते. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे भाव जगभर चढले आहेत, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय पैसे काढू नका.

बसवणं अवघड नाही, घाई मात्र नको. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा; आतली असेल तर कव्हर उघडल्यावर पहिल्यांदा तिचं कनेक्टर सोडवा. कव्हर उघडण्यासाठी जुनं एटीएम कार्ड उत्तम, स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, क्लिपा तुटतात. स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. एका कागदावर लॅपटॉपची आकृती काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टेपने चिकटवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला तर तो वरच्या बाजूने टचपॅडशेजारी उगवतो. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तिला धरणारा एक स्क्रू वेगळा असतो, तो राहिला की कव्हर निघत नाही आणि लोक जोर लावतात. बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर आलेला असेल, तर काम तिथेच थांबवा. दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका, बॅटरी बदलून घ्या.

जुनं विंडोज क्लोन करून आणायचं की नव्याने टाकायचं? क्लोनझिलाने क्लोन होतं आणि प्रोग्रॅम जसेच्या तसे येतात. पण क्रिस्टलडिस्कइन्फोत डिस्क पिवळी आली असेल किंवा आत क्रॅकचा कचरा असेल तर कचराही सोबत येतो, म्हणून मी नव्यानेच टाकते. त्याआधी लोक काय कॉपी करायला विसरतात, ते सांगते: डेस्कटॉपवर पडलेल्या फाइली, टॅलीचा डेटा फोल्डर, आउटलुकची पीएसटी फाइल, ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड, आणि मराठी फॉन्ट. श्रीलिपीसारखं डीटीपीचं सॉफ्टवेअर असेल तर त्याचं लायसन्स नव्या डिस्कवर कसं न्यायचं ते विक्रेत्याला आधी विचारा. डिजिटल सिग्नेचरचा टोकन असेल तर त्याचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा, नाहीतर रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी शोधत बसाल.

निघालेली जुनी डिस्क निळी असेल तर यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला वापरा. आणि एसएसडीवर डिफ्रॅगचं सॉफ्टवेअर चालवू नका. विंडोज तिची निगा आपोआप राखतं. १५-२० टक्के जागा रिकामी ठेवली की पुरे.

ज्यांचा लॅपटॉप ३२ जीबी ईएमएमसी स्टोरेजचा आहे, त्यांना वाईट बातमी. ते मदरबोर्डवरच चिकटवलेलं असतं, बदलता येत नाही, आणि ३२ जीबीत विंडोजचे मोठे अपडेट मावत नाहीत. त्यांनी थेट खाली ‘विंडोज १० चं काय’मध्ये लिनक्स मिंटबद्दल लिहिलंय तिकडे जावं.

रॅम

४ जीबीची ८ करणं हा दुसरा खर्च. फक्त ब्राउझर आणि एक्सेल वापरणाऱ्याला एसएसडीनंतर लगेच गरज वाटणार नाही. एका वेळी झूम, दहा टॅब आणि टॅली चालवणाऱ्याला वाटेल. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली ‘स्लॉट्स यूज्ड’ बघा. ‘1 of 2’, म्हणजे २ पैकी १ दिसलं तर एक रिकामा आहे, जुनी न काढता नवी घालता येईल. काही लॅपटॉपमध्ये रॅमच चिकटवलेली असते, तिथे विषय संपला.

प्रकार बरोबर हवा. २०१३ ते २०१६ च्या सुमाराच्या मशीनमध्ये बहुधा डीडीआर३एल, १.३५ व्होल्टची. साधी डीडीआर३ दीड व्होल्टची असते. खाचेत दोन्ही बसतात, पण फक्त कमी व्होल्टेजवर चालणारा लॅपटॉप साध्या रॅमवर चालूच होत नाही. डीडीआर४ ची खाच वेगळी, ती चुकून बसणार नाही. डीडीआर३एल सेकंड हँड चांगली मिळते, दुकानात लावून, चालू करून बघूनच घ्या. आणि सिस्टिमची माहिती उघडून विंडोज ६४ बिटचं आहे ना ते बघा. काही दुकानांत अजून ३२ बिटचं टाकून देतात, ते ४ जीबीच्या वरची रॅम वापरतच नाही. ८ जीबी घालूनही फरक पडला नाही म्हणणाऱ्यांत अशी मशीन सापडतात.

विंडोज १० चं काय

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. लॅपटॉप बंद पडत नाही, पण सुरक्षा अपडेट थांबतात. मायक्रोसॉफ्टच्या वाढीव योजनेत नाव नोंदवलं तर ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा असतो आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटिंग्ज सिंक केली तर पैसे लागत नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. काकांचा आय३ पाचव्या पिढीचा, तो बसत नाही. नियम चुकवून ११ टाकायच्या युक्त्या आहेत, पण ४ जीबीच्या मशीनवर ते १० पेक्षा जडच चालतं. मी कुणाला करून देत नाही.

त्याऐवजी लिनक्स मिंट या विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकटच्या सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बघा. किमान २ जीबी रॅम मागते, ४ जीबीवर आरामात चालते. पेन ड्राइव्हवर टाकून काहीही न पुसता चालवून बघता येते. पेन ड्राइव्हवरून थोडी मंद वाटेल, तेवढं धरून चाला. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतोय का ते तिथेच कळतं. मराठी टायपिंगला इन्स्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे, लिब्रेऑफिस एक्सेलच्या फाइली उघडतं, यूट्यूब आणि मुलांचे ऑनलाइन क्लास ब्राउझरमध्ये चालतात. पण टॅली, श्रीलिपी किंवा डिजिटल सिग्नेचरवर पोट असेल तर लिनक्सच्या नादी लागू नका, रोज कटकट होईल.

कधी थांबायचं

प्रोसेसरच दुबळा असेल, म्हणजे जुने एएमडी ई१, ई२ किंवा सेलेरॉनचे एन मालिकेतले सुरुवातीचे प्रोसेसर, तर एसएसडीने चालू व्हायला वेळ कमी लागेल, पण व्हिडिओ कॉल अडकतच राहील. बिजागरी तुटलीय, बॅटरी गेलीय, कीबोर्डची चार बटणं दाबली जात नाहीत आणि वर एसएसडी-रॅमचा खर्च, अशी बेरीज झाली तर थांबा. तेवढ्यात थोडी भर घालून आठव्या पिढीचा आय५ असलेला, कंपन्यांच्या वापरातून निघालेला रिफर्बिश्ड लॅपटॉप बघा. नव्या स्वस्त सेलेरॉनपेक्षा तो केव्हाही सरस. घेताना दुकानातच बॅटरी रिपोर्ट काढायला लावा, त्यात मूळ क्षमता आणि आता उरलेली क्षमता शेजारी शेजारी येते. निम्म्याखाली असेल तर बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा. सगळे यूएसबी पोर्ट पेन ड्राइव्ह घालून तपासा, कॅमेरा उघडा, बिजागरी दोनदा उघड-बंद करा, आणि बायोसला आधीच्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, ते लॅपटॉप चालू करताना आत शिरून बघा. पासवर्ड निघाला तर तो लॅपटॉप तिथेच ठेवून या.